नुसतं नाव नको, नंबरही लिहा
(सामुदायिक रेडिओवर वाचलेलं भाषण)

रानातून येऊन, हातपाय धुऊन, चहाचं आधण ठेवून रेडिओपाशी बसलेल्या सगळ्या आयाबायांना आणि गटातल्या सख्यांना आमचा नमस्कार.

आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. आम्हीही तुमच्यासारख्याच. आमच्यातल्या दोघी दहावी झालेल्या, एक सातवीतून शाळा सुटलेली, आणि एक तर गटात आल्यावर सही शिकलेली. पण केंद्राचा कॉम्प्युटर आम्हीच चालवतो, आणि गेल्या वर्षी त्यानं आम्हाला असा काही धडा दिला की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड केल्या होत्या. तीन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून. आवाज साफ केला, कुत्र्याचं भुंकणं काढलं, तुकडे जोडले. काम निम्मं झालं होतं आणि श्रावणात आजी गेल्या. त्यांच्या लेकीनं विचारलं, "वर्षश्राद्धाला आईचा आवाज ऐकवाल का?" आम्ही हो म्हटलं.

नंतर पावसात वीज खालीवर झाली आणि कॉम्प्युटर बंद पडला. तालुक्याला दुरुस्तीला दिला. तो परत आला तेव्हा सगळं होतं तिथंच दिसत होतं. आवाज जोडायचा प्रोग्रामही होता, नाव तेच, चित्रही तेच. पण आजींची फाईल उघडायला गेलो तर इंग्रजीत एक पाटी आली आणि बस. उघडेचना. तीन दुपारच्या मेहनतीला आम्ही मुकलो असं वाटलं, आणि त्या लेकीला काय तोंड दाखवायचं हे कळेना.

आमच्यातल्या एकीची भाची पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. तिला फोन लावला. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, आधी त्याचं कितवं व्हर्जन होतं?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. प्रोग्रामचं नाव माहीत होतं. कितवा, ते कुणी बघितलंच नव्हतं.

मग तिनं समजावलं. नाव तेच असलं तरी प्रोग्राम दर काही महिन्यांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी त्याला नवा नंबर मिळतो. आमची फाईल पुढच्या नंबरच्या प्रोग्रामनं बनवली होती. दुरुस्तीवाल्यानं त्याच्याकडे होता तो मागच्या नंबरचा घातला. नव्या डब्याचं झाकण जुन्या डब्याला बसत नाही, तसं झालं. एकदम ताजा घालून बघितला तर आमच्या जुन्या मशीनवर तो चालेचना. म्हणजे पाहिजे होता तो नेमका मधला. पण तो कितवा?

आठ मार्चच्या कार्यक्रमाचा एक फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये निघाला. आम्ही सगळ्या नव्या साड्या नेसून उभ्या, आणि मागे कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडताना येणारी पाटी. फोटो मोठा करून बघितला तर पाटीवर नंबर! भाचीनं तोच नंबर शोधून घालायला सांगितला. फाईल उघडली. आजींचा आवाज खोलीत आला तेव्हा आमच्यातली एक रडली, आणि बाकीच्या काही बोलल्या नाहीत.

एका फोटोमुळे वाचलो. पण दर वेळी फोटो थोडाच असणार? म्हणून आम्ही भाचीला म्हटलं, हे नीट समजावून सांग. तिनं जे सांगितलं आणि आम्ही पुढं जे शिकलो, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

आपल्यातल्या कितीतरी गटांचा मसाल्याचा उद्योग आहे. आमच्यातल्या तिघी कांदा-लसूण मसाला करतात. पाकिटावर लॉट नंबर घालावा लागतो, कायद्यानं तो बंधनकारक आहे. सुरुवातीला आम्हाला ती कटकट वाटायची. मग एकदा दुकानदाराचा फोन आला, मसाल्याला खवट वास येतोय. वही काढली. त्या लॉटला मिरची कुठली, धने कुठले, खोबरं कुणाकडून आणलं, कांडप कुठल्या दिवशी झालं, सगळं लिहिलेलं. खोबरं त्या वेळी दुसऱ्या दुकानातून आणलं होतं. बाकी लॉट चांगले होते. तेवढीच पाकिटं परत मागवली. वही नसती तर सगळाच माल परत घ्यावा लागला असता, आणि आपलं नाव खराब झालं असतं ते वेगळंच.

कॉम्प्युटरच्या जगातही अगदी हेच आहे. माणूस प्रोग्राम लिहितो ती झाली कृती. तिला सोर्स म्हणतात. ती वाचता येते, तपासता येते. पण कॉम्प्युटरला ती तशी चालत नाही. ती कंपायलर नावाच्या हत्यारातून काढावी लागते. कंपायलर म्हणजे आपलं कांडप यंत्र म्हणा. त्यातून निघालेला तयार माल बांधून तुमच्यापर्यंत येतो, त्याला पॅकेज म्हणतात. पाकीटच ते. एकदा कुटलेल्या मसाल्यातून मिरची कुठली आणि धने कुठले हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, तसंच तयार पॅकेज उघडून आत काय आहे ते सहज वाचता येत नाही.

आणि आपण मसाल्यात हिंग घालतो, तो काही घरी बनवत नाही. दुसऱ्याचा बनवलेला आणतो. तसंच एक प्रोग्राम दुसऱ्यांनी बनवलेल्या कितीतरी पॅकेजांवर उभा असतो. म्हणून नुसता आपल्या प्रोग्रामचा नंबर लिहून भागत नाही, त्यात पडलेल्या प्रत्येक वस्तूचा नंबर लागतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर मनापासून करणाऱ्या एका मंडळीची ओळख करून देतो. डेबियन त्यांचं नाव. १९९३ साली अमेरिकेत इयन मर्डॉक या तरुणानं हे काम सुरू केलं. त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, त्याचं इयन, दोन्ही जोडून डेबियन. आज जगभरातली माणसं, बरीचशी स्वतःच्या वेळात आणि विनामोबदला, ते सांभाळतात. कॉम्प्युटर चालवायला लागणारं सगळं त्यात असतं आणि ते फुकट मिळतं. २०२३ साली त्यांनी जी आवृत्ती काढली तिच्यात ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचं जागतिक संमेलन आपल्या देशात, केरळमधल्या कोचीला भरलं होतं.

एवढ्या पॅकेजांत गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला नंबर असतो, आणि तो नंबर वाचायला शिकण्यासारखा आहे. समजा नंबर आहे ५.६.१-१. मधल्या आडव्या रेघेच्या आधीचा ५.६.१ हा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा नंबर, म्हणजे कृती कितवी. रेघेनंतरचा १ हा डेबियनच्या माणसानं ते कितव्यांदा बांधलं त्याचा. कृती तीच ठेवून पॅकिंगमध्ये दुरुस्ती केली तर शेवटचा १ जाऊन २ येतो. कृती कुणाची आणि पाकीट कुणाचं, दोन्ही एका नंबरात कळतं.

पण मैत्रिणींनो, नंबर हा शेवटी कुणीतरी लिहिलेला असतो. पाकिटावर 'शुद्ध' लिहिलं म्हणून आतला माल शुद्ध होत नाही. हे पॅकेज याच सोर्समधून बनलं, मध्ये कुणी काही घातलं नाही, हे कसं ओळखायचं?

२०१३ साली स्वित्झर्लंडमध्ये डेबियनचं संमेलन भरलं होतं. तिथं काही जणांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकानं बनवलेलं पॅकेज दुसऱ्यानं, दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशीनवर, त्याच सोर्समधून पुन्हा बनवायचं. दोन्ही अगदी सारखे निघाले तर मध्ये कुणी हात घातला नाही हे कळेल. याला ते रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात, म्हणजे पुन्हा बनवलं तरी तोच माल निघेल असं बनवणं.

सारखे म्हणजे किती सारखे? एका अक्षराचाही फरक चालत नाही. प्रत्येक फाईलवरून कॉम्प्युटर एक ठसा काढतो. त्यासाठी आज एसएचए-२५६ नावाची पद्धत सर्रास वापरतात, तिचा ठसा ६४ खुणांचा असतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. आपल्याला अंगठ्याचा ठसा समजावून सांगायला नको. सही शिकायच्या आधी आपला सगळा व्यवहार त्याच्यावरच चालला.

पहिल्यांदा बनवून बघितलं तेव्हा बहुतेकांचे ठसे जुळलेच नाहीत. कुणी लबाडी केली होती म्हणून नव्हे. कारणं अगदी साधी होती. बनवताना प्रोग्राम त्या क्षणाची तारीख आणि वेळ आत लिहून ठेवी, मग दुसऱ्या दिवशी बनवलेलं वेगळंच होणार. एक मशीन फायली एका क्रमानं घेई, दुसरं दुसऱ्या. कुणाच्या मशीनवर वेळ भारताची, कुणाच्या जर्मनीची. बनवणाऱ्याच्या फोल्डरचं नावसुद्धा आत जाऊन बसे. आणि कंपायलरचं किंवा बाकी पॅकेजांचं व्हर्जन दोन्हीकडे वेगळं असलं, तरी फरक पडे.

एकेक कारण शोधून त्यांनी ते दूर केलं. तारीख मशीनच्या घड्याळातून न घेता बदलांच्या नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीतून घ्यायची. फायली आधी ओळीनं लावून मग घ्यायच्या. आणि प्रत्येक पॅकेजबरोबर एक छोटी फाईल ठेवायची. तिला बिल्डइन्फो म्हणतात. तिच्यात सोर्स कुठलं, तयार मालाचा ठसा काय, आणि बनवताना मशीनवर कुठली कुठली पॅकेजेस नेमक्या कितव्या व्हर्जनची होती, ती सगळी यादी असते. हे सगळं वाचल्यावर आमच्यातली मसालेवाली म्हणाली, "अगं, ही तर आपली लॉटची वही!"

पण वहीत लिहिलेलं जुनं व्हर्जन आज आणायचं कुठून? त्यासाठी डेबियनवाले जुन्या पॅकेजांचं कोठार ठेवतात. २००५ सालापासूनची पॅकेजेस त्यात तारखेवार आहेत. बियाण्याच्या बँकेत जुन्या वाणाचं बी मिळावं, तसं. आज त्यांच्या चाचण्यांत दहातली नऊहून जास्त पॅकेजेस पुन्हा बनवली तरी तशीच निघतात. एका दिवसात नाही झालं ते, दहा-बारा वर्षं माणसं चिकटून राहिली.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? खरंच कुणी असं काही घालतं का?

घालतं. २०१५ सालचं उदाहरण आहे. ॲपल कंपनीच्या फोनसाठी ॲप बनवायला एक्सकोड नावाचं हत्यार लागतं. चीनमधल्या काही बनवणाऱ्यांना कंपनीकडून ते उतरवून घ्यायला फार वेळ लागायचा, म्हणून त्यांनी दुसरीकडे ठेवलेली प्रत घेतली. त्या प्रतीत भेसळ होती. त्यातून काढलेल्या प्रत्येक ॲपमध्ये ती भेसळ आपोआप उतरली. बनवणाऱ्यांची कृती चांगली, मन चांगलं, पण कांडपच बिघडलेलं. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. म्हणून वहीत कृतीबरोबर हत्यार कुठलं आणि कुठून आणलं तेही लिहायचं.

दुसरी गोष्ट ताजी आहे, २०२४ सालची. एक्सझेड नावाचा छोटा प्रोग्राम आहे. मोठी फाईल दाबून लहान करायची, एवढंच त्याचं काम. गोधडी बांधून ट्रंकेत बसवावी तसं. पण जगातल्या असंख्य कॉम्प्युटरांत तो असतो. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा एक माणूस तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं, विनामोबदला सांभाळत होता. तो थकला होता. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी मदत करू लागलं. काम चांगलं, बोलणं गोड. त्याच सुमारास दुसऱ्याच नावांनी काही जण लासेमागं टुमणं लावू लागले, तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. हळूहळू या मदतनिसाच्या हाती किल्ल्या आल्या.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. प्रोग्रामचं मूळ सोर्स सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर ठेवलेलं असतं. पण पॅकेज बनवणारे बरेचदा त्याचं बांधलेलं गाठोडं उचलतात, ५.६.० नंबरचं गाठोडं, ५.६.१ नंबरचं गाठोडं, असं. दोन्ही एकच आहेत असं सगळे धरून चालतात. या मदतनिसानं चाचणीच्या नमुन्यांच्या नावाखाली काही फायलींत विष लपवून ठेवलं होतं. ते बाहेर काढून मालात मिसळणारी कळ मात्र उघड्यावरच्या सोर्समध्ये नव्हती. ती फक्त गाठोड्यात होती. सोर्स वाचणाऱ्याला ती दिसणार नव्हती, आणि गाठोडं उघडून ताडून बघायला कुणी बसत नव्हतं.

ते विष सगळीकडे पसरलं असतं, तर ज्याच्याकडे त्याची खास किल्ली आहे त्याला जगातल्या कितीतरी सर्व्हरांत विनापरवानगी शिरता आलं असतं.

पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनियर स्वतःच्या वेगळ्याच कामाची मोजणी करत होता. दूरच्या कॉम्प्युटरवर आत जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याच्या ध्यानात आलं. अर्धा सेकंद! दूध उतू जायला लागतो त्याच्याहूनही कमी. त्यानं ते सोडून दिलं नाही. मागे मागे जात एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं जगाला सांगितलं.

मग त्या रात्री जगभर एकच प्रश्न विचारला गेला. तुमच्याकडे कितवं व्हर्जन आहे? ५.६.० किंवा ५.६.१ असेल तर काढा. त्याआधीचं असेल तर या विषापुरती काळजी नाही. डेबियनची २०२३ ची पक्की आवृत्ती वापरणाऱ्यांकडे ५.४.१ होतं, ते वाचले. नवीन माल आधी चाखून बघणाऱ्यांकडे मात्र तो पोचला होता. ज्यांच्याकडे नोंद होती त्यांना मिनिटात उत्तर मिळालं. ज्यांच्याकडे नव्हती, ते एकेक मशीन तपासत बसले.

यातली एक गंमत आमच्या लक्षात राहिली. डेबियनला घाईनं मागचा चांगला माल परत द्यायचा होता. पण कॉम्प्युटर नेहमी चढता नंबर घेतो, उतरता नंबर आपण होऊन घेत नाही. मग त्यांनी त्या पॅकेजला नंबर दिला ५.६.१+रिअली५.४.५-१. म्हणजे पाटी ५.६.१ ची, पण खरं तर आत ५.४.५ आहे. लपवाछपवी न करता नंबरातच 'खरं तर' असं लिहून टाकलं. नोंद ठेवायची तर अशी, असं आम्हाला वाटलं.

या गोष्टीतून आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली, पुन्हा बनवून बघणं एकट्यानं पुरत नाही. विषारी गाठोड्यातून दहा जणांनी पॅकेज बनवलं असतं, तर दहाही सारखी निघाली असती, दहाही विषारी. सारखं म्हणजे चांगलं असं नाही. सारखं म्हणजे मध्ये कुणी बदललं नाही, एवढंच. म्हणून गाठोडं मूळ सोर्सशी ताडून बघावं लागतं, आणि सोर्स कुणीतरी वाचावंही लागतं. साखळीची प्रत्येक कडी बघायची.

दुसरी, विश्वास ठेवावा पण पडताळावा. यात अपमान काही नाही. आपल्या गटात महिन्याच्या बैठकीत सचिव हिशेब मोठ्यानं वाचते आणि दुसरी बाई रोकड मोजते. सचिव चोर आहे म्हणून नव्हे. उद्या कुणी बोट दाखवलं तर तिच्या बाजूनं वही बोलावी म्हणून. पडताळणीनं प्रामाणिक बाईचंच रक्षण होतं.

तिसरी, सगळा भार एकीच्या गळ्यात टाकू नका. जो माणूस एकटा वर्षानुवर्षं ओझं वाहतो, त्याला मदतीचा कुठलाही हात देवासारखा वाटतो. मग तो हात कुणाचा, हे बघायचं त्राण उरत नाही. आपल्या गटात वही सांभाळणारी एकच असेल, तर तिच्याजवळ आजच दुसरी बसवा.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही केंद्रात दोनशे पानी वही घातली. तिच्यात रकाने आखले. प्रोग्रामचं नाव. नंबर, टिंबं आणि रेघांसकट पूर्ण. कुठून घेतला. कुठल्या तारखेला घातला. कुणी घातला, तिची सही. शेवटचा रकाना, काय बदललं. ज्या फायलीवरून प्रोग्राम घालतात ती एका पेन ड्राईव्हमध्ये जपून ठेवतो, कारण जुना नंबर पुढं मिळेलच असं नाही. तिचा ठसा भाचीनं काढून दिला, तो वहीत चिकटवलाय. आणि रेकॉर्डिंगची फाईल प्रोग्रामच्या आपल्या स्वरूपात तर ठेवतोच, शिवाय कुठंही वाजेल अशा साध्या स्वरूपातली एक प्रत वेगळी ठेवतो.

मग खरी परीक्षा. दर तीन महिन्यांनी दुसरीच बाई वही घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसते. कुणाला काही विचारायचं नाही. वहीत आहे तेवढ्यावरच सगळं घालायचं आणि एक जुना कार्यक्रम उघडून दाखवायचा. पहिल्याच खेपेला फजिती झाली. कार्यक्रम वाजला, पण यादीतली मराठी अक्षरं वेडीवाकडी, जोडाक्षरं सगळी तुटलेली. शोधलं तर मराठी फॉन्ट वहीत लिहायचाच राहिला होता. पहिल्या मशीनवर तो कधी घातला होता हे आम्ही विसरून गेलो होतो. जे रोज वापरात असतं तेच लिहायचं राहतं. म्हणून परीक्षा दुसरीनं द्यायची. जिनं वही लिहिली तिला वहीतली भोकं दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला कॉम्प्युटर? पण मोबाईल तर आहे. गटाचा हिशेब, बँकेचा व्यवहार आता त्यावरच होतो. मग एवढं करा.

हिशेबाचं जे ॲप वापरता, त्याच्या माहितीच्या पानावर व्हर्जन नंबर लिहिलेला असतो. सापडला नाही तर घरातल्या शिकत्या पोराला दाखवायला सांगा. नंबर आणि तारीख गटाच्या वहीत लिहा. ॲप अपडेट झालं आणि काही बिघडलं, तर मदत करणारा पहिला प्रश्न हाच विचारणार.

अपडेट बंद करून ठेवू नका. जुन्यातली भोकं बुजवायला अपडेट लागतं. अपडेट घ्या, पण बदलाची नोंद ठेवा.

व्हॉट्सॲपवर कुणी ॲपची फाईल पाठवली, लग्नाची पत्रिका म्हणून, योजनेचा फॉर्म म्हणून, तर ती उघडू नका. बिनलेबलचं पाकीट आहे ते. कुणी बनवलं, कशातून बनवलं, काही कळायला मार्ग नाही. नाव आणि चित्र तर कुणीही सारखं काढू शकतं. ॲप घ्यायचं ते फोनमधल्या अधिकृत दुकानातूनच, आणि बनवणाऱ्याचं नाव वाचूनच.

आणि महिन्याचा हिशेब कागदावर उतरवून सह्या घ्या. कागद उघडायला कुठलंच व्हर्जन लागत नाही.

आजींच्या लेकीला आम्ही दिलेला शब्द पाळला. वर्षश्राद्धाच्या दिवशी ओसरीवर तोच आवाज वाजला. नातवंडं जात्याभोवती बसून ऐकत होती. आमच्या वहीतली पहिली नोंद त्याच फाईलची आहे. कुठल्या नंबरच्या प्रोग्रामनं उघडते, ते तिथं लिहिलंय. आम्ही उद्या नसलो, तरी दुसरी कुणी वही उघडून तो आवाज लावू शकेल.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी राखा. पहिल्या ओळीत ॲपचं नाव, पुढं नंबर, पुढं तारीख. आणि पान भरलं की शेजारच्या बाईला वाचायला द्या. तिला काय कळलं नाही, तेच लिहायचं राहिलंय असं समजा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोपर्यंत नमस्कार.